बॅटरीतला गाळ

नवा लॅपटॉप घेताना दुकानदार छातीठोकपणे सांगतो, ‘चार तासांचा बॅकअप आहे.’ पहिलं वर्षभर तो असतोही. मग तीन तासांवर येतो, दोनावर येतो आणि एक दिवस लाईन जाते, कूलर थांबतो, आणि निम्मा भरलेला अर्ज सेव्ह करायला बोट उचलेपर्यंत पडदा काळा होतो. गोंदिया जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आपण सगळ्यांनी काढली आहेत. तसं भारनियमन आता राहिलं नाही, पण अवकाळी वादळात फांदी तारेवर पडायची ती पडतेच. आणि धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामं गावोगावच्या सेवा केंद्रांतल्या लॅपटॉपवर चालतात. तिथे बॅटरी गेली की रांगेतल्या माणसांचा दिवस जातो.

मी बरीच वर्षं गोंदिया शहरात संगणक दुरुस्तीचं काम करतो. माझ्याकडे येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बॅटरी रिपेअर होईल का?’ दुसरा असतो, ‘घरी बदलता येईल का?’ पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं आणि दुसऱ्याचं बहुतेक वेळा ‘हो’. पण त्या ‘हो’ला एक मोठा अपवाद आहे. तो पुढे सांगतो, आणि तो ऐकल्याशिवाय कुणी पेचकस हातात घेऊ नये.

आधी बॅटरी म्हातारी का होते ते पाहू. आपला जिल्हा तलावांचा. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि गावोगावचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, वेगळेच. अशा जुन्या तलावात वर्षानुवर्षं गाळ साचतो. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरलेला दिसतो, पण दिवाळीनंतर दोन पाणी दिली की तळ उघडा पडतो. तलाव भरला होता हे खोटं नव्हतं. त्याच्या पोटात जागाच कमी उरली होती. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं ‘१०० टक्के’ हे असंच असतं. शंभर टक्के, पण आज उरलेल्या जागेच्या.

या बॅटऱ्या लिथियम-आयन जातीच्या. १९९१ साली सोनी कंपनीने त्या प्रथम बाजारात आणल्या, आणि त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आत काय चालतं? एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला धातूच्या ऑक्साइडचा थर, मध्ये द्रव. चार्ज करताना लिथियमचे विद्युतभारित कण ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडं लिथियम ग्राफाइटवरच्या एका पातळ थरात कायमचं अडकून पडतं. तोच हा गाळ. साधारण ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर बॅटरीची क्षमता पाचवा हिस्सा तरी कमी झालेली असते.

गाळ भराभर साचवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक उष्णता, दुसरी सतत काठोकाठ भरलेली बॅटरी. आपल्याकडे दोन्ही एकत्र येतात. नवतपात बाहेर पंचेचाळीस अंश, टिनाखालच्या खोलीत त्याच्या आसपास, आणि लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेला. पूर्ण चार्ज करून चाळीस अंशांत वर्षभर ठेवलेली बॅटरी न वापरताही आपल्या क्षमतेचा सुमारे तिसरा हिस्सा गमावते. तीच निम्म्याच्या आसपास चार्ज करून पंचवीस अंशांत ठेवली तर जेमतेम चार-पाच टक्के जातात. म्हणून कपाटात ठेवलेला लॅपटॉपही ‘काही न वापरता’ म्हातारा होतो.

तलावातला गाळ काढता येतो, बॅटरीतला नाही. बॅटरी फ्रीजमध्ये ठेवा, पूर्ण उतरवून मग चार्ज करा, असे उपाय अजून सांगितले जातात. पूर्ण उतरवण्याची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे, तिथे तिला अर्थ होता. लिथियमला तिचा उपयोग नाही, उलट ताण पडतो. फार तर एवढंच होतं की पूर्ण उतरवून पुन्हा भरल्यावर टक्केवारीचा आकडा जरा खरा दिसायला लागतो. म्हणजे तलावातली मोजपट्टी नीट बसवली, पाणी काही वाढलं नाही. आणि फ्रीजमुळे फक्त ओल धरते.

आता आपल्या बॅटरीत गाळ किती, ते पैसे न देता घरीच कळतं. विंडोज ८ आणि त्यानंतरच्या सगळ्या विंडोजमध्ये ही सोय आहे. शोधपट्टीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरं लिहून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथे ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द लिहा, म्हणजे इंग्रजी पॉवर आणि त्याला जोडून सी, एफ, जी. मग एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ, आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा शब्द, मध्ये जागा न सोडता. एंटर दाबलं की अहवाल कुठे साठवला ते तिथेच लिहून येतं. तो उघडा आणि दोनच ओळी शोधा. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे बांधला तेव्हाचा तलाव. ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजचा. समजा पहिला आकडा ४७,५२० आहे आणि दुसरा २१,०००, तर निम्म्याहून अधिक बॅटरी गेली. माझं मत विचाराल तर ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर बॅटरीचं नाव काढू नका, दोष दुसरीकडे शोधा. चार्जर, पंखा, नाही तर मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम. निम्म्याच्या खाली असेल आणि काम अडत असेल तर बदला. मधल्यांनी आपल्या गरजेप्रमाणे ठरवावं.

काम अडत असेल तर, असं मी मुद्दाम म्हणालो. जुन्या, बाहेरून निघणाऱ्या बॅटरीचे बरेच लॅपटॉप बॅटरी काढून नुसत्या चार्जरवरही चालतात. घरात इन्व्हर्टर आहे, लॅपटॉप टेबलावरून हलत नाही, तर नव्या बॅटरीवर खर्च कशाला? दुकानदाराने हे सांगू नये, पण मी सांगतो.

जाता जाता एक गंमत सांगतो. वर जे आकडे आले ते मिलिवॉट-अवरमध्ये असतात. ४७,५२० म्हणजे जवळपास अठ्ठेचाळीस वॉट-अवर. आपल्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे हजार वॉट-अवर, म्हणजे एका युनिटात अशा वीस बॅटऱ्या भरतील. तिरोड्याचं औष्णिक केंद्र ३,३०० मेगावॉटचं आहे. ते पूर्ण क्षमतेने चाललं तर एका सेकंदात सुमारे नऊशे युनिट वीज तयार होते, म्हणजे एकोणीस हजार लॅपटॉपच्या बॅटऱ्या. असं केंद्र जिल्ह्यात असून आपण पाच मिनिटांच्या बॅकअपसाठी झुरतो!

आता तो अपवाद. लॅपटॉप उलटा न करता, बंद करून सपाट टेबलावर ठेवा. डगडग करतो का? झाकण नीट बसत नाही का? टचपॅड वर उचलला गेलाय, दाबला तरी ‘टक्’ होत नाही? कीबोर्डचा मधला भाग फुगीर वाटतो? यातलं काहीही असलं तर बॅटरी फुगली आहे असं समजा. आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि चपट्या सेलची पिशवी पापडासारखी फुगते. अशी बॅटरी घरी काढू नका.

सालेकसा तालुक्यातल्या एका सेवा केंद्राचा तरुण मागे फोनवर मला विचारत होता, ‘सर, टचपॅड वर आला आहे. वरून दाबून स्क्रू कसले तर चालेल ना? उद्या नोंदणीचा शेवटचा दिवस आहे.’ मी विचारलं, ‘भाऊ, लॅपटॉप कुठे ठेवलाय?’ तर टेबलाच्या एका बाजूला बारदाना, दुसऱ्या बाजूला भिंतीला लागून धानाचे कट्टे, वर कौलं आणि मागच्या पडवीत तणस. मी म्हटलं, ‘शेवटचा दिवस नोंदणीचा आहे, तुमचा करू नका.’ जरा कठोर बोललो खरा. पण फुगलेली पिशवी दाबली की आतले दोन थर एकमेकांना टेकू शकतात, आणि ते टेकले की ठिणगी लागते ती आतून, बाहेरून फुंकर मारून ती विझत नाही. त्याने लॅपटॉप बंद करून अंगणात सिमेंटच्या ओट्यावर सावलीत ठेवला, नोंदणी शेजारच्या गावच्या केंद्रावरून केली आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी जाणत्या हातांनी काढली गेली. ती मी पाहिली. बोटभर जाड झाली होती.

हे फक्त स्वस्त मालातच होतं असं नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये डेल कंपनीने लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत बोलावल्या. त्यातले सेल सोनीचे होते आणि बनवताना धातूचे अगदी बारीक कण आत राहून गेले होते. पुढच्याच ऑगस्टमध्ये, २००७ साली, नोकियाने बीएल-५सी या मोबाईलच्या बॅटरीबद्दल सूचना काढली. ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या! तेव्हा लोक फोनचं मागचं झाकण काढून बॅटरीवरचे नंबर वाचत होते, ते पुष्कळांना आठवत असेल. इतक्या मोठ्या कंपन्यांच्या कारखान्यांत हे होऊ शकतं, तर पत्ता नसलेल्या कारखान्यातल्या मालाचं काय सांगावं?

समजा धूर निघालाच, तर आधी माणसं बाहेर. तो धूर विषारी असतो. जमलं तर मेन स्विच पाडा. मग पाणी, आणि भरपूर पाणी. लिथियम म्हटलं की पाणी टाकू नये असा समज आहे, तो शुद्ध लिथियम धातूपुरता ठीक आहे. लॅपटॉपच्या बॅटरीत तो धातूच्या रूपात नसतो. तिथे शेजारचे सेल तापून पेटू नयेत म्हणून थंड करणं महत्त्वाचं, आणि ते काम पाण्यासारखं दुसरं काही करत नाही.

बॅटरी फुगलेली नाही, नुसती थकली आहे, अशांसाठी आता पुढचं.

खरी मेहनत बदलण्यात नाही, निवडण्यात आहे. जुन्या बॅटरीच्या लेबलवर पार्ट नंबर असतो. लॅपटॉपचं मॉडेल सांगून बॅटरी मागू नका, हा नंबर सांगून मागा, कारण एकाच मॉडेलला दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. मग व्होल्टेज पाहा. १०.८ आणि ११.१ हे एकाच घरातले, १४.४ आणि १४.८ हे दुसऱ्या घरातले. एका घरातली बॅटरी दुसऱ्या घरात चालत नाही, खटका बसला तरी नाही. वॉट-अवर मात्र जास्त असले तर बिघडत नाही, बॅटरी जास्त वेळ चालेल.

कंपनीची बॅटरी महाग पडते, बाजारातली ‘कम्पॅटिबल’ बरीच स्वस्त. जुन्या लॅपटॉपला कंपनीची नवी बॅटरी अनेकदा मिळतही नाही. मिळाली तर ती दुकानात चार वर्षं पडून राहिलेली नाही ना, हे बनवल्याच्या तारखेवरून पाहा. गाळ कपाटातही साचतो हे मघाशी सांगितलंच. कम्पॅटिबल घेताना लेबलवर भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. खोटी खूण छापणारे आहेतच, म्हणून ही तपासणी दुकानातच उभ्या उभ्या करावी.

आणखी एक साधी युक्ती. बाहेरून बसणाऱ्या लांबट बॅटरीत गोल सेल असतात, अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब, टॉर्चच्या सेलसारखे. एकेक सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. सहा सेलची बॅटरी, वरच्या प्लास्टिकसकट, तीनशे ग्रॅमच्या आसपास हवी. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. दोनशेच भरली तर ‘सहा सेल’ हे फक्त लेबलवर आहे. काट्याला खोटं बोलता येत नाही.

जुन्या डब्यात नवे सेल घालून देणारे कारागीर आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतही आहेत. हात चांगले असतात त्यांचे, वाद नाही. पण डब्यातला एक छोटा सर्किट बोर्ड सेलवर नजर ठेवतो. सेल सुटले की काही बॅटऱ्यांतला हा बोर्ड स्वतःला कायमचं कुलूप लावतो, आणि जुळणी एकसारख्या सेलची नसली तर एक सेल जास्त भरतो, दुसरा उपाशी राहतो. घरी तर हे करूच नये.

प्रत्यक्ष बदलण्याचं काम. बाहेरची बॅटरी असेल तर पाच मिनिटं. लॅपटॉप पूर्ण शटडाऊन करा, नुसतं झाकण मिटून झोपवू नका. चार्जर काढा. टॉवेलवर उलटा ठेवा. दोन खटके दिसतील, एक सरकवला की तिथेच राहतो, दुसरा स्प्रिंगचा असतो, तो धरून ठेवावा लागतो. बॅटरी सरळ बाहेर सरकवा, नवी त्याच वाटेने आत, ‘टक्’ आवाज होईपर्यंत.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या सडपातळ लॅपटॉपांची बॅटरी पोटात असते. त्याला अर्धा-पाऊण तास आणि शांत डोकं हवं. आधी वॉरंटी संपली का ते पाहा. बॅटरी पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरू द्या, मग शटडाऊन. काही लॅपटॉपांत बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती बंद करण्याची सोय असते, असेल तर वापरा. मोबाईलवाल्याकडचा बारीक स्टार पेचकस घ्या. आणि एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघेल तो चित्रात तिथेच खुपसून ठेवा. हे पोरखेळ वाटेल, पण स्क्रू दोन-तीन लांब्यांचे असतात, आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर मदरबोर्डला किंवा वरच्या कव्हरला भोक पडतं. एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, लपलेला स्क्रू शोधा. मुदत संपलेलं एटीएम कार्ड कडेने फिरवा, लोखंडी काही नको. झाकण झटक्यात उचलू नका, काहींत त्याला पट्टीची वायर जोडलेली असते.

आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवणं. वायर ओढायची नाही, कनेक्टरला दोन्ही बाजूंनी नखाने हळूहळू पुढे-मागे करत काढायचं. त्याआधी बाकी कशालाही हात लावू नका. मग बॅटरीचे चार-सहा स्क्रू, जुनी काढा, नवी ठेवा, स्क्रू आवळा आणि कनेक्टर सगळ्यात शेवटी. बॅटरी स्क्रूऐवजी गोंदाने चिकटवलेली दिसली तर झाकण परत लावा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. चिकटलेली पिशवी खरवडून काढताना ती वाकते, फाटते, आणि मग फुगलेल्या बॅटरीचीच गोष्ट पुन्हा सुरू होते.

नवी बॅटरी ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज करा’ हीही जुन्या जमान्यातली गोष्ट. भरली की चार्जिंग आपोआप थांबतं. एकदा पूर्ण भरा, वापरा, आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच अहवाल काढा. लेबलवर अठ्ठेचाळीस वॉट-अवर आणि अहवालात तीसच दिसत असतील तर पावती घेऊन दुकानात जा, तेव्हाच जा. लॅपटॉप कायम चार्जरला असतो त्यांनी कंपनीच्या प्रोग्राममध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय शोधावी, बऱ्याच कंपन्या ती देतात. उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची झरोके बुजतात. आणि कूलरच्या अगदी तोंडापुढेही नको, ती हवा गार असते पण दमट असते.

राहिली जुनी बॅटरी. ती घंटागाडीत टाकायची नाही. गाडीत कचरा दाबला जातो, आणि दाबल्यावर काय होतं ते सांगून झालं. भंगारवाल्यालाही देऊ नका. तो हातोड्याने फोडणार, आणि फोडणारा बहुतेक वेळा कुणाचा तरी लहान मुलगा असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर आहे. त्याआधीचे २००१ चे नियम फक्त लेड-ॲसिड बॅटऱ्यांपुरते होते. लेबलवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं, ते याचसाठी. बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा, कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि नवी घेतली त्या दुकानात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. दुकानदार का-कू करेल. तरी विचारा. मी माझ्या दुकानात त्यासाठी वाळू भरलेली एक लोखंडी बादली ठेवली आहे, झाकण न लावता, आणि गिऱ्हाईक ती पाहून हसतं. पण आता काही जण घरातल्या जुन्या मोबाईलच्या बॅटऱ्याही आठवणीने आणून देतात.